रात्री दोन वाजता सोफ्यावर बसू नका

पावसाळा लागला की माझ्या टेबलावर सर्दी-खोकल्याची पत्रं जमतात. या वेळी मात्र बहुतेक पत्रांत एकच विषय आहे: बाळाला रात्री कुशीत घ्यायचं की वेगळं झोपवायचं. सासू एक सांगते, मोबाइल दुसरं सांगतो आणि आई मधल्या मधे जागी राहते. त्यातली पाच पत्रं निवडली आहेत. पहिल्याचं उत्तर लांबलं आहे, कारण पुढच्या चौघांची निम्मी उत्तरं त्यातच आली आहेत.

प्रश्न: पहिल्या बाळंतपणासाठी मी माहेरी, मंगळवार पेठेत आले आहे. मुलगी दीड महिन्याची आहे. जन्मताना वजन २ किलो ९०० ग्रॅम होतं, अंगावरच पिते. आता पुण्याला सासरी जायचं आहे. मिस्टरांनी तिथं कठड्याचा लाकडी पाळणा आणून दुसऱ्या खोलीत लावलाय, वर कॅमेरा बसवलाय. ते म्हणतात, अमेरिकेतले डॉक्टर बाळाला पलंगावर घेऊच नका म्हणतात. माझी आजी म्हणते, "आमची पाच पोरं काय कपाटात ठिवून वाढवली व्हय? लेकराला आईची ऊब लागती." सध्या ती माझ्या शेजारी पलंगावर असते. पण झोपेत अंगाखाली येईल या भीतीनं रात्री पाजताना मी हॉलमधल्या सोफ्यावर जाऊन बसते. परवा बसल्या बसल्या माझाच डोळा लागला. जाग आली तेव्हा ती घसरून माझ्या काखेत गेली होती. कुणाचं ऐकू?
– एक आई, कोल्हापूर

उत्तर: ताई, नवरा आणि आजी दोघं थोडं थांबू देत. आधी तुमचा तो सोफा बंद करा. आज रात्रीपासूनच.

बाळाला घेऊन झोप लागण्याच्या जितक्या जागा आहेत, त्यांत सोफा आणि आरामखुर्ची या सगळ्यांत वाईट. बाळ घसरतं, आईचं अंग आणि सोफ्याची पाठ यांच्या मधे जातं, नाक दाबलं जातं किंवा मान पुढं पडून हनुवटी छातीला टेकते. एवढ्या लहान बाळाला तिथून मान काढून घेता येत नाही, आणि रडायलाही श्वास लागतो. तुम्ही पलंगाला भिऊन त्याहून वाईट जागी जाऊन बसलात. हे तुमच्या एकटीचं नाही. "पलंगावर घेऊ नका" एवढंच सांगून आम्ही डॉक्टर मंडळी मोकळी होतो, पण रात्री दोन वाजता पेंगुळलेल्या बाईनं मग बसायचं कुठं, ते कुणी सांगत नाही.

आता तुमचे मिस्टर. त्यांनी वाचलंय ते खरं आहे, फक्त अर्धंच वाचलंय. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीनं २०२२ मध्ये आपल्या सूचना सुधारल्या. बाळाचं अंथरूण वेगळं असावं, असं त्यात आहेच. पण ते अंथरूण आईवडिलांच्याच खोलीत, त्यांच्या पलंगाजवळ असावं आणि निदान पहिले सहा महिने तरी तसं असावं, हेही त्याच सूचनांत आहे. दुसरी खोली आणि कॅमेरा त्यांनी सांगितलेला नाही. आणखी एक गोष्ट तिथंच आहे: पाजताना झोप लागायची शक्यता वाटत असेल, तर सोफ्यापेक्षा उश्या-पांघरुणं बाजूला केलेल्या पलंगावर पाजणं बरं, आणि जाग येताच बाळाला त्याच्या जागी ठेवावं. हे मिस्टरांना वाचून दाखवा.

इंग्लंडमधल्या नाइस या सरकारी संस्थेनं २०२१ मध्ये जरा वेगळी वाट धरली. आईबापांना सरसकट मनाई करण्यापेक्षा, बाळ जवळ घ्यायचंच असेल तर कोणती काळजी घ्यायची आणि कोणत्या परिस्थितीत अजिबात घ्यायचं नाही, हे त्यांच्याशी बोला, असं ती संस्था डॉक्टर-नर्सना सांगते. म्हणजे अमेरिका कडक आणि इंग्लंड जरा मवाळ. पण धोका कशानं वाढतो याची यादी काढली तर दोघांची जवळजवळ सारखीच निघते: मऊ गादी, बाळाच्या तोंडावर येणारं पांघरूण, धूम्रपान, दारू, झोप आणणारं औषध, आणि कमी दिवसांचं किंवा कमी वजनाचं बाळ.

आजींचं म्हणणं मला उडवून लावायचं नाही. आईजवळ झोपणारं बाळ रात्री जास्त वेळा पितं, त्यामुळं दूध टिकतं. निदान दोन महिने अंगावर पाजलं तरी झोपेत अचानक होणाऱ्या मृत्यूचा धोका जवळपास निम्म्यावर येतो. पण आजींना विचारा की त्यांची पाच पोरं झोपायची कशावर? माजघरात शेणानं सारवलेल्या जमिनीवर एखादी सतरंजी, वर जुनेराची वाकळ. तळहात दाबला तर खालची जमीन लागायची. उशी असलीच तर आजोबांना. आज त्याच घरात आठ इंच फोमचा डबलबेड आहे, त्यावर गुबगुबीत रजई, दोन मोठ्या उश्या, आणि बाळ पडू नये म्हणून चारी बाजूंनी रचलेले लोड. आजींना वाटतं आपली जुनी रीत चालू आहे. आई शेजारी आहे तेवढी जुनी, बाकी सगळं फर्निचरच्या दुकानातून आलेलं.

आणि "आमच्या वेळी असं काही व्हायचं नाही," असं त्या म्हणाल्या तर तेही पूर्ण खरं नाही. व्हायचं. 'रात्री दूध अडकलं', 'झोपेतच गेलं', 'बाहेरचं झालं' असं म्हणून ते बाळ विसरायचं, आणि पुढच्या वर्षी दुसरं यायचं. घरी अचानक गेलेल्या तान्ह्याचं शवविच्छेदन आपल्याकडं आजही क्वचितच होतं.

मग करायचं काय? मी माझ्या दवाखान्यात सांगते तेच सांगते. कठड्याचा पाळणा दुसऱ्या खोलीतून तुमच्या पलंगाला लागून आणा, हात लांबवला की बाळाच्या छातीला लागेल इतका जवळ. कठडा काढून तो पलंगाला दोरीनं बांधायचा उद्योग मात्र मिस्टरांना करू देऊ नका; मधे जी फट राहते तीच घातक असते. पाळण्यात त्याच्याच मापाची घट्ट गादी, तिच्यावर ताणून बसवलेली चादर, आणि बाळ. संपलं. उशी नाही, कडेनं लावायच्या मऊ पट्ट्या नाहीत, बारशाला आलेला तो टेडी नाही. गादी घट्ट आहे का, हे पाहायला तळहात दाबून उचला. खड्डा तसाच राहिला तर ती बाळाला मऊ. पिंजाऱ्याकडून नवी भरून आणलेली कापसाची गादीही सुरुवातीला फार फुगीर असते, तेव्हा आहेराची गादी म्हणून लगेच बाळाखाली घालू नका.

इथं माहेरी असेपर्यंत मी तुमच्या जागी असते तर पलंग सोडून दिला असता. जमिनीवर तुमची पातळ गादी, तिच्या शेजारी हातभर अंतरावर बाळाची वाकळ, सुरकुती न ठेवता पसरलेली. रात्री कुशीवर वळून आडवं पडूनच पाजा, डोळे मिटत असतील तर मिटू देत. जाग आली की तिला तिच्या वाकळेवर उताणं सरकवा. पाजताना बाळ तुमच्या उशीपासून लांब, तुमच्या छातीच्या पातळीवर असू दे, तुमचे गुडघे तिच्या पायांखाली दुमडलेले आणि वरचा हात तिच्या डोक्यापलीकडं. अंगावर पाजणाऱ्या बहुतेक बायका न शिकवता असंच झोपतात. तुमचं पांघरूण कमरेपर्यंतच. गाऊनला लांब नाड्या असतील तर आत खोचा, केस बांधा, मंगळसूत्र काढून ठेवा. (कोल्हापुरी साज घालून रात्री कुणी झोपत नाही, पण लांब मंगळसूत्र काढ म्हटलं की घरात चर्चा होते. होऊ दे.) बाळाच्या गळ्यातला काळा गोफ आणि ताईतही रात्री नको. नजर लागू नये म्हणून हवाच असेल तर कपाळाच्या कडेला तीट लावा.

बाळ भिंतीच्या बाजूला ठेवायची आपल्याकडं सवय आहे, पडू नये म्हणून. पलंग आणि भिंत यांच्यातली चार बोटांची फट बाळासाठी पडण्यापेक्षा वाईट. आणि मोठ्या पलंगावर तिला एकटीला झोपवून स्वयंपाकघरात जाऊ नका. चौथ्या महिन्याच्या सुमाराला, आईला कळायच्या आधी बाळ वळायला लागतं आणि पलंगावरून पडून थेट माझ्याकडं येतं.

दिवसा झोळी चालते का, हेही बऱ्याच जणींनी विचारलंय. डोळ्यांसमोर असेल, चेहरा उघडा दिसत असेल आणि मान दुमडत नसेल तर थोडा वेळ चालेल. रात्रीसाठी साडीची झोळी नको. त्यात बाळ गोल होतं आणि हनुवटी छातीवर येते. डासांसाठी छत्रीची मच्छरदाणी उत्तम. तिच्यासोबत येणारी फुगीर गादी आणि चिमुकली उशी तेवढी बाजूला काढा.

प्रश्न: माझा नातू अडीच महिन्यांचा. पालथा घातला की मस्त गाढ झोपतो. उताणा ठेवला की दर पंधरा मिनिटांनी दचकतो. सून म्हणते, डॉक्टरांनी उताणंच झोपवायला सांगितलंय. उताणा असताना दूध उलटून छातीत गेलं तर? शिवाय उताणं ठेवून त्याचं डोकं मागून चपटं व्हायला लागलंय, म्हणून मी मोहरीची उशी शिवली आहे. ती पण सून काढून टाकते.
– आजी, गडहिंग्लज

उत्तर: आजी, पालथं घातल्यावर तो गाढ झोपतो, हे तुम्ही अगदी बरोबर हेरलंय. आम्हाला काळजी त्याच गाढ झोपेची. श्वास कोंडला, आपणच सोडलेली हवा परत परत आत यायला लागली, तर बाळानं दचकून जागं व्हायला हवं, मान वळवायला हवी. पालथं बाळ तितक्या सहज जागं होत नाही. दोन ते चार महिन्यांच्या वयात हा धोका सगळ्यांत जास्त असतो, आणि तुमचा नातू नेमका त्याच वयाचा आहे.

छातीत दूध जायची भीती मी रोज ऐकते. घशात श्वासनळी पुढं असते आणि अन्ननळी मागं. बाळ उताणं असलं की श्वासनळी वर येते, अन्ननळी खाली. उलटून आलेलं दूध श्वासनळीत जायला वर चढावं लागेल. पालथं केलं की हेच उलटं होतं. शिवाय उताणं बाळ तोंडात आलेलं दूध गिळतं, खोकतं, नाहीतर गालावरून सोडून देतं. पाजल्यावर खांद्यावर घेऊन ढेकर काढा आणि निर्धास्त उताणं ठेवा. कुशीवर ठेवून पाठीला टेकण देणंही नको, तिथून ते पालथंच होतं.

हा काही आमचा नवा खूळ नाही. इंग्लंडमध्ये १९९१ साली आणि अमेरिकेत १९९४ साली 'बाळाला उताणं झोपवा' अशी मोठी मोहीम झाली. त्यानंतरच्या वर्षांत दोन्हीकडं झोपेत अचानक जाणाऱ्या बाळांची संख्या निम्म्याहून खाली आली. त्यासाठी ना लस लागली ना औषध.

दचकणं चार-पाच महिन्यांत आपोआप कमी होतं. तोवर सुती दुपट्यात हात छातीशी घेऊन हलकं गुंडाळा. पाय मात्र आत मोकळे, बेडकासारखे दुमडता आले पाहिजेत, नाहीतर खुब्याच्या सांध्याला त्रास होतो. तो वळायचा प्रयत्न करायला लागला की दुपटं बांधणं बंद.

मोहरीची उशी काढाच. डोकं गोल करायचं तर जागेपणी पालथं घालायला हवं. मालीशवाली मावशी पायांवर पालथं घेते ना, तसं दिवसातून चार-पाच वेळा, थोडा थोडा वेळ, कुणीतरी समोर बसून. झोपवताना एके दिवशी डोकं पूर्वेला आणि दुसऱ्या दिवशी पश्चिमेला ठेवा, म्हणजे दाराकडं किंवा उजेडाकडं बघायला तो दोन्ही बाजूंना मान वळवेल. (उत्तरेला डोकं नको असेल तर माझा काही आग्रह नाही.) तरीही तो मान एकाच बाजूला धरत असेल तर दाखवून घ्या, मानेचा स्नायू आखडलेला असू शकतो. पुढं तो स्वतःच दोन्हीकडं वळायला लागला की तुम्ही उताणं ठेवा, मग तो कसाही झोपू दे. रात्रभर उठून त्याला सरळ करत बसू नका.

सुनेचं बरोबर आहे. पण उशी तिला काढू देऊ नका, तुम्हीच काढा. घरात बरं असतं.

प्रश्न: मी शिरोलीला फाउंड्रीत कामाला आहे. रात्रपाळी असली की सकाळी सातला घरी येतो आणि बायको-बाळाशेजारी आडवा होतो. बाळ दोन महिन्यांचं आहे. सिगरेट ओढतो, पण घरात कधीच नाही, जिन्याखाली जाऊन ओढतो. सुट्टीच्या आदल्या रात्री मित्रांबरोबर थोडी घेतो. बायकोनं आता मला बाहेरच्या खोलीत काढलंय. हे जरा जास्तच होत नाही का?
– एक बाबा, उचगाव

उत्तर: नाही. बायकोचं बरोबर आहे.

जिन्याखाली ओढलेल्या सिगरेटचा धूर तिथं राहतो. तुमच्या श्वासात, शर्टाला आणि केसांना जे चिकटतं ते घरात येतं. पण मुद्दा नुसत्या वासाचा नाही. आईबापांपैकी कुणीही धूम्रपान करत असेल तर बाळाबरोबर एका अंथरुणात झोपणं धोक्याचं, हे जिथं जिथं या विषयावर काम झालं तिथं तिथं निघालं आहे, मग तो बाहेर ओढत का असेना. बाळाच्या जागं होण्याच्या क्षमतेवरच निकोटिनचा परिणाम होतो. गरोदरपणात घरात धूर असेल तर आणखीनच.

दारूचं गणित सोपं आहे. इंग्लंडच्या नाइसनं दोन युनिट (युनिट म्हणजे दारू मोजायचं तिथलं माप) किंवा त्याहून जास्त घेतली असेल तर बाळाजवळ झोपू नका म्हटलंय. आपल्याकडच्या एका मोठ्या स्ट्राँग बिअरच्या बाटलीत त्याच्या दुपटीहून जास्त भरतं. तेव्हा 'थोडी' म्हणजे किती, हा वाद नको. घेतली की त्या रात्री बाहेरची खोली. आणि न पिताही रात्रपाळीनंतरची झोप फार जड असते. आई बाळाच्या बारीक हालचालीनं जागी होते, तसा बारा तास भट्टीपुढं उभा राहिलेला माणूस होत नाही. यात तुमचा दोष नाही, पण बाळाच्या शेजारची ती जागा तुमची नाही. आंघोळ करून, कपडे बदलून, जागे असताना बाळाला छातीवर घ्या, तासभर खेळवा. बायकोला त्या वेळात झोपू द्या. तिला तेच हवंय, पैज लावून सांगते.

याच निमित्तानं दोन गोष्टी. सर्दीची, खाज थांबवायची, प्रवासात उलटी न होण्याची अशा पुष्कळ गोळ्यांनी झोप येते. बाळंतिणीनं तसली गोळी घेतली असेल तर त्या रात्री बाळ तिच्या अंथरुणात नको. दुसरी गोष्ट मिश्रीची. आपल्या भागात सिगरेट ओढणारी बाई सापडायची नाही, पण सकाळी मिश्री लावणाऱ्या किती तरी आहेत, आणि तो तंबाखू आहे हे त्यांना मान्य नसतं. मुंबईत १,२१७ गरोदर बायकांवर झालेला एक अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. मिश्रीसारखा तंबाखू वापरणाऱ्या बायकांची बाळं सरासरी १०५ ग्रॅम कमी वजनाची निघाली, आणि दिवस भरण्याआधी होण्याचं प्रमाणही जास्त होतं. लहान जन्मलेलं बाळ झोपेतही जास्त नाजूक असतं. घरात कुणी मिश्री लावत असेल तर हे पत्र वाचून दाखवायचं काम तुमचं. स्वतःची सिगरेट हातात न घेता.

प्रश्न: माझा मुलगा ३३ आठवड्यांतच झाला, वजन १ किलो ६०० ग्रॅम. दवाखान्यातून आता घरी सोडलंय, वजन १ किलो ९००. तिथल्या सिस्टरनी छातीशी उघड्या अंगाला लावून धरायला शिकवलंय. सासूबाईंनी माझ्या बाजेखाली कोळशाची शेगडी ठेवलीये आणि दोन वेळा ओवा-बाळंतशेपाची धुरी देतात, कारण पाऊस आहे आणि बाळ बारीक आहे. रात्रभर त्याला छातीवरच घेऊन झोपू का? सगळे म्हणतात जवळ घे, तुमच्या पुस्तकात मात्र कमी वजनाच्या बाळाला जवळ झोपवू नका असं असतं.
– एक आई, कागल

उत्तर: ताई, आधी शेगडी बाहेर न्या. पुढचं नंतर वाचा.

बंद खोलीत कोळसा जळला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नसतो आणि डोळेही चुरचुरत नाहीत. माणूस नुसतं सुस्तावतं. पावसामुळं खिडक्या लावलेल्या, खाली शेगडी, वर तुम्ही आणि दोन किलोचं बाळ, हे मला नुसतं वाचूनही सहन होत नाही. धुरीही बंद. सासूबाईंना सांगा, ओवा-शेपा तुम्हाला खाऊ घाला, बाळाच्या नाकात नको. लंगोट वाळत नसतील तर दुसऱ्या खोलीत वाळवा आणि इस्त्री करा.

ऊब हवी हे सासूबाईंचं म्हणणं मात्र शंभर टक्के खरं, आणि शेगडीपेक्षा चांगली ऊब तुमच्या छातीत आहे. ही कांगारू पद्धत १९७८ साली कोलंबियातल्या बोगोटा शहरात सुरू झाली, कारण तिथल्या दवाखान्यात काचेच्या पेट्या कमी पडत होत्या. पुढं जागतिक आरोग्य संघटनेनं भारतासह पाच देशांत १ ते १.८ किलोच्या बाळांवर अभ्यास केला. जन्मल्याबरोबर आईच्या छातीशी ठेवलेल्या बाळांमधले मृत्यू २५ टक्क्यांनी कमी झाले. हे निष्कर्ष २०२१ मध्ये आले.

तुमच्या कोड्याचं उत्तर असं. छातीशी धरणं आणि शेजारी झोपवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. छातीशी धरताना तुम्ही पाठीला टेकण घेऊन अर्धवट बसलेल्या असता, बाळ उभं, कापडानं घट्ट बांधलेलं, मान एका बाजूला वळलेली, नाक उघडं, आणि कुणीतरी जागं असतं. आडवं पडून गाढ झोपताना यातलं काहीच राहत नाही. म्हणून दिवसभर जितका वेळ जमेल तितका धरा. तुम्हाला डुलकी यायला लागली की नवरा, सासूबाई, नणंद, जो जागा असेल त्यानं छातीला लावावं; पुरुषाच्या छातीला काही कमी ऊब नसते. सगळेच झोपणार असतील तेव्हा बाळ तुमच्या बाजेला लागून त्याच्या स्वतंत्र, सपाट जागी, उताणं. कपड्यांचा तुमच्यापेक्षा एक थर जास्त. एरवी मी घरात टोपडं-कुंची घालू देत नाही, कारण डोकं झाकून बाळ तापतं आणि टोपडं घसरून नाकावर येतं. तुमच्या बाळाला, वजन अडीच किलोच्या आसपास जाईपर्यंत, बेताची घट्ट सुती टोपी चालेल.

पाय आणि पोट दोन्ही हाताला गार लागणं, नीट न पिणं, मिनिटाला ६० किंवा त्याहून जास्त श्वास, छाती खाली आत ओढली जाणं, यातलं एकही दिसलं तर सकाळची वाट पाहू नका, १०८ ला फोन करा. नेताना बाळ छातीशीच बांधून न्या. आणि आशाताई घरी येतात, पहिल्या ४२ दिवसांत त्यांच्या भेटी ठरलेल्या असतात. पुढच्या भेटीत त्यांना बाळाची झोपायची जागा दाखवा.

प्रश्न: मुलगा तीन वर्षांचा आहे, अजून आमच्या मधेच झोपतो. माझ्या पोटावर हात ठेवल्याशिवाय त्याला झोप येत नाही. दोन महिन्यांत दुसरं बाळ येईल. सगळे म्हणतात, एवढा मोठा होऊन आईला चिकटून झोपतो, लाजाळू होईल. त्याला कसं सोडवू?
– एक आई, फुलेवाडी

उत्तर: लाजाळू-बिजाळू काही होत नाही. वर्षभरानंतर जवळ झोपवणं हा तुमच्या घराचा, जागेचा आणि पाठदुखीचा प्रश्न, वैद्यकीय नाही. जपानमध्येही मुलं कित्येक वर्षं आईबापांशेजारी जमिनीवरच्या गादीवर झोपत आली आहेत.

तुमच्या बाबतीत घाई एवढ्याचसाठी की तान्हं बाळ आणि तीन वर्षांचा मुलगा एका अंथरुणात नकोत. तो झोपेत लाथा मारेल, पांघरूण ओढेल, आणि प्रेमानं हात टाकेल तोही बाळाच्या तोंडावर. म्हणून हलवायचं ते आत्ताच. बाळ घरी आल्यावर हलवलंत तर त्याला वाटेल याच्यामुळं माझी जागा गेली, आणि ते तसं खरंही असेल.

वेगळी खोली नको. त्याच खोलीत, पलंगाच्या बाबांकडच्या बाजूला, खाली त्याची गादी. चादर त्यानं दुकानात जाऊन स्वतः निवडलेली. गोष्ट तिथंच सांगायची, थोपटायचं तिथंच, आणि थोपटणारा हात बाबांचा. पोटावर हात ठेवायची सवय आहे तर आताच बाबांच्या पोटावर ठेवू दे, ते तसंही जास्त मऊ असणार. सुरुवातीचे काही आठवडे तो रात्री उठून वर तुमच्याकडं येईल. रागवू नका, पण आत घेऊही नका. त्याला परत त्याच्या गादीवर पोचवायचं काम दर वेळी त्याच्या बाबांचं. तुम्ही आठव्या महिन्यात आहात, उठायचं नाही.